उरलेली मात्रा

चारूताईच्या शोकसभेत तिचे धाकटे भाऊ डॉ. शैलेश निगुडकर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांना आता रडू कोसळणार अशी सगळ्यांनी तयारी ठेवली होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर पाण्याची बाटली झाकण सैल करून हातात धरली होती. डॉक्टरांना रडू आलं नाही. ज्या माणसानं उभा जन्म शवविच्छेदन शिकवण्यात घालवला, त्याला मेलेल्या माणसाविषयी बोलताना एकच सूर सापडतो, आणि तो वर्गातला असतो. वय साठ, कारण हृदयाची झडप, देह स्वतःच्या इच्छेनुसार वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेला, एवढं सांगून ते थांबले. मग काहीतरी घरगुती सांगायला हवं असं वाटून त्यांनी लिमलेटच्या गोळीची आठवण सांगितली.

"ताईनं लहानपणी एकटीनं कधी गोळी खाल्ली नाही. नारिंगी लिमलेट असायची. फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातानं मधोमध तोडायची. अर्धी तिची, अर्धी माझी. मागच्या पायरीवर बसून चघळायचो. माझ्या बालपणाची चव कुठली विचाराल, तर ती."

सभागृह हळहळलं. चिमणीचा दात म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागलं नाही. मध्ये कापड असलं की वस्तू उष्टी होत नाही, हे शास्त्र आपल्याकडे मुलांना बाकी सगळ्या शास्त्रांच्या आधी येतं. बाटलीवाल्या बाईंनी पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

सभा संपवून डॉक्टर खात्यात परतले. महाविद्यालयाच्या भिंतीपलीकडे एसटी स्टँड आहे. तिथल्या भोंग्यातून चारूताई सांगत होती, "पाथरीमार्गे परभणीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." तिनं सगळी नोकरी स्टँडवर निवेदक म्हणून केली. दम लागायला लागला तेव्हा तिचा आवाज यंत्रात भरून घेतला गेला, आणि तेव्हापासून ती स्टँडवर न जाता बोलत होती. आता तर कुठेच न जाता बोलत होती. डॉक्टरांनी खिडकी लावून घेतली. आत काही हललं का, हे त्यांनी स्वतःला तपासून पाहिलं. काही सापडलं नाही.

ही गोष्ट आजपासून वीसेक वर्षांनी घडते. वाचकांनी काळजी करू नये, रस्ते तसेच आहेत. बदललं आहे ते शवविच्छेदन.

माणसाच्या दाताचं कवच लहानपणी रोज थोडं थोडं चढतं. झाडाच्या खोडात वर्षाचं एक वलय उमटतं, तशी दातात दिवसाची एक बारीक रेघ. मूल तापानं फणफणलं किंवा उपाशी राहिलं, की त्या दिवसांच्या रेघा गडद पडतात. आईचं दूध सुटलं की रेघेतलं रसायन बदलतं. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते, पण दाताचं कवच एकदा तयार झालं की शरीर त्यात पुन्हा हात घालत नाही. पहिल्या दाढेत पाळण्यातले दिवस, दुसरीत बालवाडी, आणि अक्कलदाढेत थेट शाळेची वर्षं. प्रत्येक माणूस आपलं बालपण जबड्यात घेऊन फिरतो आणि त्याच जबड्यानं त्याविषयी खोटं सांगतो.

एवढं जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. पण त्यासाठी दात उपटायचा, त्याची चकती कापायची आणि महिनोन्‌महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. नव्या यंत्राला दात नुसता दाखवला की पुरे. क्ष-किरणांनी ते रेघ न् रेघ मोजतं, आणि त्या रेघेत दुधाचा, शिशाचा, औषधाचा अंश किती, हेही सांगतं. त्यामुळे न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आता मरण कसं आलं एवढंच शोधून चालत नाही. ते कुठून निघालं होतं तेही सांगावं लागतं. पन्नाशीत बंद पडलेल्या हृदयाची वाट पाचवीतल्या घसादुखीपर्यंत मागे चालत जायची, हाच आता परीक्षेचा प्रश्न. देहदान केलेल्या माणसांची बालपणं वाचून एक मोठं संशोधनही उभं राहिलं होतं, आणि खरंच उपयोगाचं होतं. लहानपणीचा कुठला आजार म्हातारपणी काय मागतो, हे पहिल्यांदाच कळू लागलं होतं.

यंत्राचं सरकारी नाव ‘बाल्यवाचक’. विद्यार्थी त्याला ‘चुगलखोर’ म्हणत.

कारण शोध प्रयोगशाळेत थांबला नाही. पन्नाशीतली मुलं ऐंशीच्या आयांना विचारू लागली, "मी दीड वर्षाचा असताना मला पंधरवडाभर ताप होता, तेव्हा तू कुठे होतीस?" आयांना कालचं जेवण आठवत नव्हतं. भावाभावांच्या वाटण्यांमध्ये दात पुढे आले. कुणाला दूध जास्त मिळालं हे दिसत होतं. लग्नाच्या जाहिरातीत ‘दंतवाचन झालेले’ असं येऊ लागलं. गरिबीत वाढल्याचं आयुष्यभर सांगणाऱ्या एका पुढाऱ्याच्या दाढेत अखंड दूध आणि बदाम सापडले, तेव्हा ती दाढ विरोधकांनी बसवल्याचं त्यांच्या पक्षानं जाहीर केलं. पुष्कळ म्हातारी माणसं धडधाकट दात काढून कवळ्या बसवून आली.

आणि हे सगळं ज्या एका गोष्टीमुळे जास्त चिघळलं, ती म्हणजे वाचनाचा शेवटचा रकाना. त्याचं नाव ‘जबाबदारी’. त्यात पर्याय तीन : निसर्ग, शासन आणि पालक. पैकी ‘शासन’ फिकट रंगात दिसतो, पण दाबला जात नाही. तांत्रिक अडचण आहे, असं पहिल्या दिवसापासून कळवण्यात आलेलं आहे. म्हणजे जे निसर्गानं केलं नाही, ते पालकांनी केलं.

देहदात्याच्या कुटुंबाला महाविद्यालय सन्मानानं बोलावतं, शाल-श्रीफळ देतं, आणि विद्यार्थी त्या देहाचं बालपण जाहीर वाचून दाखवतात. ह्या कार्यक्रमाला ‘कृतज्ञता वाचन’ म्हणतात. चारूताईचं वाचन शनिवारी होतं. नातेवाईक प्राध्यापकानं वाचन करायचं नाही असा नियम असल्यामुळे ते काम डॉ. ओजस्विनी वाकळे या विद्यार्थिनीकडे गेलं. हुशार मुलगी. खोटं बोलता येत नाही एवढाच दोष.

ती गुरुवारी सकाळी डॉक्टरांच्या खोलीत आली आणि बस म्हणण्याआधीच बसली.

"सर, चारुलता मॅडमचं वाचून झालं."

"संधिवाताचा ताप. मला ठाऊक आहे."

"हो सर. नवव्या वर्षी."

हा ताप म्हणजे साध्या घसादुखीनंतर शरीर बिथरतं आणि जंतूंबरोबर स्वतःच्याच हृदयावर धावून जातं तो. घसा पुन्हा धरू नये म्हणून मुलाला वर्षानुवर्षं रोज पेनिसिलीनची गोळी द्यावी लागते. घसा पुन्हा धरला की ताप उलटतो, आणि दर वेळी झडपेचा एक घास जातो.

"औषध लगेच सुरू झालेलं दिसतं," ओजस्विनी म्हणाली. "दिवसातून दोनदा, एक दिवस खंड नाही. इतकं नियमित मी आजवर पाहिलं नाही. पण सर... मात्रा निम्मी आहे. पहिल्या दिवसापासून. दोन-अडीच वर्षं निम्मीच. पुढे दर महिन्याला इंजेक्शनं सुरू झाली, तिथून पूर्ण दिसते. तोपर्यंत झडप गेली होती."

"लिहून देणाऱ्यानं कमी दिलं असेल."

"तसं म्हटलं असतं, पण मध्ये दोनदा पूर्ण होते. दोन्ही वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत. मे महिनाभर पूर्ण, शाळा सुरू झाली की परत निम्मी. म्हणजे गोळ्या घरात पुरेशा होत्या, सर. अर्धी अर्धी करून दिल्या जात होत्या."

"जबाबदारी?"

ओजस्विनीनं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "पालक आलंय, सर."

भिंतीपलीकडून चारूताईनं औरादची गाडी रद्द झाल्याचं सांगितलं आणि प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

"आजी येणार आहेत का शनिवारी?" ओजस्विनीनं विचारलं.

"साडी इस्त्रीला गेलीय," डॉक्टर म्हणाले.

शालिनीबाई निगुडकरांना चौऱ्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, सून मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी होती, आणि लेक जाऊन दीड महिना झाला होता. या सगळ्यातून त्यांच्याकडे शिल्लक राहिला होता तो शनिवारचा कार्यक्रम. डॉक्टर जेवायला घरी आले तेव्हा त्या भाषणाची तयारी करत होत्या.

"मला बोलायला देतील ना रे? दोन शब्द?"

"बोलून काय करणार?"

"सांगणार. संधिवाताचा ताप झालेली पोर साठीपर्यंत नेली म्हणून सांगणार. त्या वेळी आपल्या गल्लीतल्या कुलथेबाई काय म्हणाल्या होत्या? दहावी बघणार नाही म्हणाल्या होत्या. आता त्या नाहीत ऐकायला, पण त्यांची सून येणार आहे."

डॉक्टरांनी आमटी वाढून घेतली. "गोळ्या तूच द्यायचीस का?"

"नाहीतर काय तुझे बाबा? सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून. एक गोळी चुकवली नाही मी, शैलू. माझा भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा सुतकाच्या घरातून गोळी द्यायला परत आले होते. तुझं यंत्र सांगेलच की."

"तोंडात घालायचीस?"

"तोंडात कशाला? नऊ वर्षांची घोडी ती. तळहातावर ठेवायची. मग ती जायची मागच्या पायरीवर. मुलांसाठी गोडसर गोळी होती ती, चघळायची, पण मेलीला माझ्यासमोर खायची लाज वाटायची. आणि तू तिच्या मागं शेपटासारखा."

डॉक्टरांचा घास तोंडात होता. तो त्यांनी शेवटपर्यंत चावला. मग म्हणाले, "लिमलेट खायला."

"लिमलेट?" शालिनीबाई हसल्या. हसताना कवळी सावरावी लागते, ती त्यांनी सावरली. "आपल्या घरात लिमलेट कुठून येणार? दात किडतात म्हणून तुझे बाबा गोळी-चॉकलेट दारातून आत येऊ द्यायचे नाहीत. शोकसभेत तू ते लिमलेटचं सांगितलंस ना, तेव्हाच मनात आलं, हा कुणाच्या घरातलं सांगतोय. भात घे."

डॉक्टरांनी भात घेतला.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कुठे असायचो?"

"मामाकडे. महिनाभर. परत आलास की आधी मागच्या पायरीवर पळायचास. का रे?"

"काही नाही. आमटी चांगली झालीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी, विद्यार्थी जेवायला गेले असताना, डॉक्टर बाल्यवाचकासमोर हनुवटी टेकवून बसले. यंत्राला समोरचा माणूस जिवंत की मेलेला याच्याशी देणं-घेणं नसतं. जिवंत माणसानं हलायचं नाही, एवढंच. डॉक्टरांना ते सहज जमलं.

त्यांची दुसरी दाढ पडद्यावर उमटली. पाचव्या-सहाव्या वर्षांच्या रेघा गोऱ्यागोमट्या, एकसारख्या. ताप नाही, भूक नाही, दूध भरपूर. असं निरोगी बालपण विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवावं. आणि त्या रेघांमधून, कशाशीही संबंध नसलेलं, पेनिसिलीन. दिवसातून दोनदा, निम्म्या मात्रेत. मे महिन्यात बंद, जूनमध्ये चालू. डॉक्टरांनी चारूताईची अक्कलदाढ शेजारी लावून घेतली. तिच्यात जेवढं कमी होतं, तेवढं यांच्यात होतं. तिची जिथे भरत होती, तिथे यांची रिकामी होती. फाडलेल्या नोटेचे दोन तुकडे जुळावेत, तशा दोन दाढा जुळल्या.

खाली यंत्रानं लिहिलं : गरज नसताना औषध दिले. जबाबदारी : पालक.

म्हणजे मुलीला औषध दिलं नाही म्हणून आई दोषी आणि मुलाला दिलं म्हणूनही आईच दोषी. यंत्र निःपक्षपाती होतं.

 आपल्याला आता काय वाटायला हवं, याचा डॉक्टरांनी शांतपणे विचार केला. तोंडात नारिंगी चव येईल असं वाटलं होतं. आली ती हनुवटीखालच्या रबराची.

मग ते उठून अधिष्ठात्यांकडे गेले. डॉ. लोखंडे म्हणजे भला माणूस. त्यांच्या कारकिर्दीत महाविद्यालयात संशोधन किती झालं हे सांगता येत नाही, पण शाली पुष्कळ वाटल्या गेल्या. डॉक्टरांनी त्यांना बहिणीच्या दाढेचं सांगितलं. स्वतःच्या दाढेचं नाही सांगितलं.

"अरेरे," लोखंडे म्हणाले. "मातोश्री पहिल्या रांगेत, गळ्यात शाल, आणि पडद्यावर ‘पालक’. फोटो वाईट येईल."

"वाचन रद्द नाही करता येणार?"

"मंडपवाला आलाय, निगुडकर. पण एक होतं. शेवटचा रकाना माझ्या सहीनं बदलता येतो. ‘निसर्ग’ करून टाकू. निसर्ग कुणाला उत्तर द्यायला येत नाही. मात्रेची ओळ त्या पोरीला वाचायचीच नाही म्हणून सांगा."

"ती सगळं वाचते."

"मग म्हणावं, वेळेअभावी."

डॉक्टरांनी हो म्हटलं. आईचं नाव वाचत होतं, त्यांचं स्वतःचंही. ओजस्विनीला बोलावून सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सर, तुम्हीच पहिल्या वर्षी शिकवलंत, दिसलं ते लिहायचं."

"लिही की. वाचू नको."

शनिवारी सभागृह भरलं होतं. शालिनीबाई पहिल्या रांगेत इस्त्रीच्या साडीत बसल्या होत्या, मांडीवर शाल, शालीवर नारळ. शेजारी प्रत्येक पाहुण्याला दिलेली अल्पोपाहाराची पिशवी : एक कचोरी, वेफर्स, आणि पेढ्याचा खर्च परवडेनासा झाल्यापासून पेढ्याऐवजी एक कागदात गुंडाळलेली नारिंगी गोळी. अधिष्ठाते म्हणाले, "चारुलताबाई आज आपल्यात नसल्या तरी आपल्या इमारतीत आहेत." टाळ्या वाजल्या.

ओजस्विनीनं वाचलं. जन्माची रेघ. दूध सुटलं ते. गोवर. नववं वर्ष, संधिवाताचा ताप. औषध सुरू झालं. ताप उलटला, पुन्हा उलटला. हृदयाची झडप. "जबाबदारी : निसर्ग," एवढं म्हणून तिनं कागद खाली ठेवला. तिचा चेहरा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा लाल झाला होता.

"ए पोरी, थांब जरा," शालिनीबाई म्हणाल्या.

त्या उठायला लागल्या. नारळ घरंगळला, तो कुलथेबाईंच्या सुनेनं पकडला.

"निसर्ग काय? मी गोळ्या दिल्या त्याचं वाच की. एक गोळी चुकवली नाही मी. ते आलं असेल ना त्यात?"

"आलंय, आजी. एक दिवस चुकलेला नाही."

"ऐकलंत?" शालिनीबाईंनी मागे वळून कुलथेबाईंच्या सुनेला सांगितलं. मग पुन्हा पडद्याकडे. "मग उलटला कसा? गोळी चालू असताना उलटत नाही म्हणाले होते डॉक्टर. मी तेव्हापासून विचारतेय. कुणी सांगत नाही. तुझ्या त्या यंत्राला विचार."

ओजस्विनीनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर पडद्याकडे बघत होते.

"आजी," ती म्हणाली, "मात्रा निम्मी दिसते."

"निम्मी?"

"रोज अर्धीच गोळी पोटात गेलेली दिसते."

सभागृहात पिशव्यांचा आवाज बंद झाला. शालिनीबाई उभ्याच होत्या. त्यांनी आपला उजवा तळहात उघडला आणि त्यात बघितलं.

"अख्खी द्यायची मी," त्या म्हणाल्या. त्या कुणाला सांगत होत्या कळेना. "अख्खी द्यायची हो."

अधिष्ठाते माइककडे झेपावले. पण त्यांच्या आधी डॉ. निगुडकर उठले. ते व्यासपीठावर गेले नाहीत. आईच्या समोर जाऊन उभे राहिले आणि वर्गात बोलतात त्याच सुरात बोलले.

"आई अख्खीच द्यायची. उरलेली मात्रा माझ्याकडे आहे. उजवीकडे, खालची दुसरी दाढ. ज्यांना बघायची असेल त्यांनी सोमवारी खात्यात यावं. रकान्यातलं निसर्गही चूक आहे आणि पालकही. त्यात धाकटा भाऊ असा पर्याय नाही."

कुणाला काही कळलं नाही. शालिनीबाईंना कळायला थोडा वेळ लागला. डॉक्टर तो वेळ त्यांच्या चेहऱ्यावर बघत उभे राहिले, जसे ते कुठल्याही चेहऱ्याकडे बघत.

"लिमलेट," शालिनीबाई म्हणाल्या.

"हो."

"चिमणीच्या दातानं?"

"हो."

"फ्रॉकात धरून."

"हो, आई."

"तरीच." त्या खाली बसल्या. "फ्रॉकच्या टोकाला नारिंगी डाग असायचे. रोज. मी घासून घासून धुवायची आणि तिला बडवायची, की जेवताना हात कशाला पुसतेस म्हणून. एकदा बोलली नाही."

अधिष्ठात्यांनी माइकवरून चहापान जाहीर केलं.

लोक चहाकडे गेले. मायलेक तिथेच बसून राहिले. ओजस्विनी दुरून दोन कप घेऊन आली, खुर्चीवर ठेवून निघून गेली. भिंतीपलीकडून चारूताई सांगत होती की प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी.

"तिला कळलं असेल का रे पुढं? मोठेपणी?" शालिनीबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"यंत्राला?"

"यंत्राला ते कळत नाही."

शालिनीबाईंनी मान हलवली. डॉक्टर वाट बघत होते. आई ओरडेल, रडेल, थोबाडीत मारेल, जवळ घेईल. काहीही चाललं असतं. शालिनीबाईंनी पिशवी उघडली. कचोरी बाजूला ठेवली. नारिंगी गोळीचा कागद सोडवला, गोळी पदराच्या टोकात घेतली आणि तोंडाकडे नेली.

"आई, कवळी मोडेल."

त्यांनी ऐकलं नाही. कवळी एकदा निसटली, ती परत बसवली. दुसऱ्यांदा कट्‌ असा आवाज आला. पदर उघडून त्यांनी पाहिलं. मधोमध नव्हती तुटली, एक तुकडा मोठा झाला होता. छोटा त्यांनी डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला.

"खा. उष्टं नाही."

डॉक्टरांनी तोंडात टाकला. गोड लागला. त्यापलीकडे काही नाही.

मग आईनं मोठा तुकडाही पुढे केला.

"आता हा कशाला?"

"तुझा नाही," शालिनीबाई म्हणाल्या. "तुझ्याच इथं आहे ना अजून ती? जाता जाता देऊन टाक."

आणि पदराचं टोक नारिंगी झालं होतं, ते त्या थुंकी लावून पुसत बसल्या. डॉक्टरांनी तुकडा पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवला. चहा संपवला आणि शवागाराच्या दिशेनं निघाले. तिकडे त्यांचं एरवीही काम होतंच.